मधला डबा

उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही विज्ञान शिकवतो. (आम्ही म्हणजे एकटेच. दिवसभर ‘हम’ म्हणायची सवय जडली की मराठीतही ‘मी’ तोंडात येत नाही.) मराठी शाळेतली मुलं ज्याला ऊर्ध्वपातन म्हणतात, त्याला आमची मुलं ‘कशीद’ म्हणतात. बाष्पीभवन म्हणजे तबखीर, संघनन म्हणजे तकसीफ. नवसागर तापवला की तो न वितळता थेट वाफ होऊन जातो, ते संप्लवन म्हणजे तसईद. मुलं शब्द झटपट पाठ करतात. पण फळ्यावर चंबू, तिरकी नळी आणि तिच्याभोवती थंड पाण्याचं वेष्टन काढलं, की दरवर्षी मागच्या बाकावरून तोच आवाज येतो, “सर, ये तो दारू की भट्टी है.” सगळा वर्ग हसतो.

एका वर्षी नववीतला एक मुलगा हसला नाही. त्याचे वडील हातभट्टीच्या दारूनं गेले होते. हे वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि हसताना प्रत्येक जण विसरला होता. तो खाली मान घालून वहीत आकृती काढत राहिला. नळीचा उतार, थंड पाणी खालून आत आणि वरून बाहेर, सगळं बरोबर. तास संपल्यावर वही दाखवायला आला आणि हळूच म्हणाला, “सर, इसमें से दूसरा कुछ निकलता क्या?”

निघतं की. त्याच्या घरी लग्नात, मिलादला जी गुलाबदाणी फिरते, तिच्यातलं पाणी यातूनच निघतं. हकिमाच्या दुकानातला बडीशेपेचा अरक, ओव्याचा अरक यातूनच निघतो. युनानी दवासाजीच्या पुस्तकांत या यंत्राला ‘करा अंबीक’ म्हणतात. करा म्हणजे खालचं भांडं, अंबीक म्हणजे वरची टोपी. आमच्याकडं साधा शब्द डेग-भपका. हे आम्ही त्याला सांगितलं. पण सांगणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. शाळेतला काचेचा संघनक केव्हाच फुटला होता आणि नवा येण्याची आशा धरण्याइतके आम्ही नोकरीत नवे नव्हतो. म्हणून ठरवलं, घरीच गच्चीवर एक यंत्र उभं करू आणि गुलाबपाणी गाळू.

राजारामपुरीत गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. त्यामुळं कुणाच्या गच्चीवर काय चाललंय ही बातमीसुद्धा नंबरानं फिरते. तांब्याचं भांडं घेऊन रिक्षातून उतरताना तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, “काय सर, बंब का?” आम्ही म्हटलं, “बंबच म्हणा.” पण बंबाला एवढ्या अरुंद तोंडाची गरज नसते हे काकूंना आमच्यापेक्षा जास्त कळतं.

खरा प्रश्न घरात होता. अम्मीनं डेगीकडं बघितलं आणि विचारलं, “किसकी है रे ये?”

“भंगारवाले के पास मिली.”

“उसमें क्या पकता था?”

“मालूम नहीं.”

“मालूम नहीं तो घर में कायकू?”

प्रश्न बिनतोड होता. भंगारवाल्यालाही आम्ही हेच विचारलं होतं. तो म्हणाला होता, “मास्तर, भांडं बोलत नाही.” आठेक लिटरची जाड तांब्याची डेग, वरच्या टोपीला नळी बसवायचं भोक आधीच पाडलेलं. बिर्याणीच्या डेगीला कुणी भोक पाडत नाही. कुण्या अत्तारवाल्याची असेल, कुण्या वैद्याची असेल, किंवा अम्मीच्या मनात जे आलं होतं त्याचीही असेल. काळा गूळ आणि नवसागर ही जोडी आपल्या भागात कशासाठी घेतली जाते हे कोल्हापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. जिथला गूळ भौगोलिक मानांकन मिळवून देशभर नावाजला, तिथंच त्याच गुळाचा काळा भाऊ रानात, ओढ्याकाठी पिंपात कुजवला जातो.

कायद्याची बाजू आधी पाहून ठेवली होती. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाप्रमाणं परवान्याशिवाय दारू गाळणं तर गुन्हा आहेच, पण त्या हेतूनं भट्टीचं सामान जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. ‘त्या हेतूनं’ हे शब्द महत्त्वाचे. गुलाबाच्या पाकळ्यांत आंबवलेलं काही नसतं; पाणी उकळतं, वाफ वास घेऊन जाते आणि थंड होऊन पुन्हा पाणी होते. या कायद्याचा अत्तरांशीही एकदा झगडा झाला होता. मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं बंदीत धरता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं १९५१ साली बलसारा खटल्यात सांगितलं. एवढं सगळं अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, “कोर्ट का छोड, बाजूवालों का बोल.”

तिचं खोटं नव्हतं. मुसलमान मास्तरच्या गच्चीवर तांब्याची भट्टी, ही बातमी बागल चौकापर्यंत पोहोचायला मोबाईलचीही गरज नव्हती. आम्ही मग सरळ उपाय केला. पहिल्या दिवशी काकूंनाच गच्चीवर बोलावलं.

इथं थोडं शब्दांविषयी बोलायला हवं, कारण मागच्या बाकावरचं ते हसू मुळात शब्दांमुळं येतं. अरबीत ‘अरक’ म्हणजे घाम. तापलेल्या भांड्याच्या झाकणाला सुटणारा घाम तो अरक. तोच मराठीत येऊन ‘अर्क’ झाला आणि संस्कृतातल्या सूर्यवाचक अर्काशेजारी इतका शोभून बसला की दोघे सख्खे भाऊ वाटावेत. ‘पोरगं म्हणजे अर्क आहे’ असं एखाद्या इरसाल मुलाला आपण म्हणतो तेव्हा त्याला घामच म्हणत असतो. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की जे निघतं ते ‘हुर्राक’. तेही याच अरकाचं लेकरू. त्यात आणखी रस घालून पुन्हा गाळलं की फेणी. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पुढं २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला वारसा पेय ठरवलं. डोंगराच्या त्या बाजूला वारसा आणि या बाजूला छापा. आम्हाला दोन्हीपैकी काही प्यायचं नाही, पण गंमत वाटते.

आणि ‘अल्कोहोल’? तो तर अल-कुहल, म्हणजे डोळ्यात घालायचा सुरमा. अतिशय बारीक केलेली पूड, मग कुठल्याही वस्तूचा सूक्ष्म अंश, मग दारूतला सूक्ष्म अंश, असा प्रवास करत सुरम्याचं नाव युरोपात जाऊन बाटलीत बंद झालं. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीनं अत्तरं आणि ‘तसईदात’ यांच्यावर ग्रंथ लिहिला; त्यात सुवासिक तेलं, मलमं आणि अर्क यांच्या शंभराहून अधिक कृती आहेत. तसईद हाच शब्द आमची मुलं नवसागराच्या प्रयोगात लिहितात. मात्र सगळा शोध आपल्याच लोकांनी लावला, अशी फुशारकीही आम्ही वर्गात मारू देत नाही. अंबीक हा शब्द अरबांनी ग्रीकांकडून घेतला. तक्षशिलेच्या परिसरात सापडलेली मातीची भांडी गाळण्याचीच होती असं मानणारे संशोधक भारताला या विद्येचं माहेर म्हणतात. ज्याला जे सापडलं ते त्यानं पुढच्याच्या हातात दिलं. जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत गुलाबाच्या अत्तराचं श्रेय नूरजहानच्या आईला दिलं आहे; गुलाबपाण्यावर तरंगणारा तवंग तिनं टिपला, असं तो लिहितो. बादशहाची सासू तवंग टिपत बसली होती हे मुलींना फार आवडतं.

आता यंत्र. पाकळ्या सरळ डेगीत घालून खाली जाळ करता येतो, कनौजचे अत्तारवाले पिढ्यान्‌पिढ्या तेच करतात. पण त्यांचा हात जाळावर बसलेला असतो. नवख्याच्या हातून पाकळ्या तळाला चिकटतात, करपतात आणि गुलाबपाण्याला भाजक्या वांग्याचा वास येतो. म्हणून आम्ही डेगीत फक्त पाणी ठेवलं आणि पाकळ्यांसाठी मध्ये एक स्टीलचा डबा बसवला, दूधवाल्याच्या किटलीसारखा, घट्ट झाकणाचा. डेगीतून निघालेली तांब्याची नळी या डब्याच्या झाकणातून आत शिरून तळापासून बोटभर उंचीवर थांबते. तिच्या वर जाळी, जाळीवर पाकळ्या. झाकणाच्या दुसऱ्या भोकातून निघणारी नळी वेटोळी होऊन थंड पाण्याच्या बादलीतून खाली उतरते आणि बाटलीत उघडते.

सुरुवातीला डबा थंड असतो, म्हणून वाफ आत येताच तिचं पाणी होऊन तळाशी साचतं. मग मागून येणाऱ्या वाफेला त्या पाण्यातून बुडबुडे काढत वर यावं लागतं, आणि डबा बोलायला लागतो. धप्, धप्, धप्. अमेरिकेतल्या डोंगरांत चोरून दारू गाळणाऱ्यांनी अशा मधल्या भांड्याला आवाजावरूनच ‘थंपर’ असं नाव दिलं. त्यांच्या डब्यात दुसरा माल असतो आणि हेतूही दुसरा: एकाच जाळावर दोनदा गाळण्याचं काम व्हावं. जमैकात रमसाठी असे दोन-दोन डबे ओळीनं लावतात. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या मद्यार्क प्रकल्पांत जे उंच मनोरे दिसतात, त्यांच्या पोटातही हीच युक्ती. एकावर एक तबकं आणि प्रत्येक तबक म्हणजे एक डबा. मनोऱ्याची सुधारलेली पद्धत १८३० साली ज्यानं पेटंट केली तो एनिअस कॉफी हा आयर्लंडमधला अबकारी अधिकारी होता. आयुष्यभर भट्ट्या पकडल्या आणि शेवटी सगळ्यात चांगली भट्टी त्यानंच बनवली!

सांधे बुजवायला कणीक. रबर, एमसील वगैरे काही नको. गरम वाफेला त्याचा वास लागतो. कणकेचा आणखी एक गुण आहे. नळी कुठं तुंबलीच तर आधी कणीक सुटते, डेग फुटत नाही. शेवटचं तोंड कायम उघडं हवं, बाटलीलासुद्धा बूच घट्ट लावायचं नाही. आणि गॅस बंद करण्याआधी डेगीची टोपी जाड फडक्यानं जपून सैल करायची. कारण डेग थंड होताना आतली वाफ आकसते आणि मधल्या डब्यातलं पाणी उलटं डेगीत ओढून घेते. हवेच्या दाबाचा एवढा सोपा पाठ पुस्तकात नाही. तापमापीही लावली होती. पुस्तकातलं पाणी १०० अंशांना उकळतं, कोल्हापूरचं ९८ च्या आसपास. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर राहतो.

पण हे सगळं नंतरचं. आधी डेग स्वच्छ व्हायची होती, आणि स्वच्छ म्हणजे काय यावर घरात दोन मतं होती. आमच्या मते स्वच्छ म्हणजे तांबं, शिसं, चिकटा, वास यांपैकी काहीही पाण्यात न उतरणं. अम्मीच्या मते स्वच्छ म्हणजे पाक. आठवडाभर चाललेल्या त्या कामात ही दोन मतं कुठं एक झाली ते सांगता येत नाही.

पहिली काळजी डागाची. जुन्या भांड्याचा सांधा शिशाच्या डागानं जोडलेला असेल तर कितीही घासा, ते विष जात नाही. म्हणून टोपीचा सांधा सोडवून शुद्ध कथलाचा डाग द्यायला लावला. मग कल्हई. कल्हईवाले आता राजारामपुरीच्या गल्ल्यांतून फिरत नाहीत. भाता, कोळसा आणि नवसागर घेऊन बसणारा एक म्हातारा चाचा शोधून काढावा लागला. त्याच्याकडचा नवसागर संपला होता, तो आणायला आम्ही लक्ष्मीपुरीत गेलो. दुकानदारानं चष्म्यावरून बघितलं. “कशाला लागतोय?” “कल्हईला.” “बरं,” तो म्हणाला, आणि त्या ‘बरं’मध्ये संशयाचे निदान चार प्रकार होते. चाचानं डेग तापवली, नवसागर टाकला, पांढरा धूर उठला (तसईद!), कथलाची कांडी फिरवली आणि कापसाच्या बोळ्यानं आतून पुसून काढली. काळपट विहिरीत चांदणं पडावं तशी ती आतून उजळली.

नळीला कल्हई होत नाही. तिचं काम कष्टाचं. सरळ तुकड्यातून दोरीला गाठ मारलेलं फडकं ओढायचं, वेटोळ्यातून व्हिनेगर आणि मिठाचं पाणी खेळवायचं, मग साधं पाणी, पुन्हा साधं पाणी. तांबं ओलं राहिलं की हिरवं चढतं, आणि त्यातून आलेलं पाणी कळकतं. म्हणून धुऊन झालं की वाफ सोडून नळी गरम करायची आणि उलटी टांगायची. शेवटी फुलाशिवाय दोनदा यंत्र चालवायचं, एकदा व्हिनेगरच्या पाण्यावर, एकदा नुसत्या पाण्यावर, आणि निघेल ते ओतून द्यायचं.

ही नळीची जबाबदारी त्या मुलानं मागून घेतली होती. रविवारी सकाळी त्याच्या आईला विचारून तो यायचा. अम्मी त्याला आधी पोहे द्यायची, मग काम. गाठीचं फडकं काळं निघत होतं तोवर तो ओढत राहिला. मध्येच विचारलं, “सर, जहर इसमें बनता है क्या?”

रसायनशास्त्राचा प्रश्न होता, म्हणून रसायनशास्त्रानंच उत्तर द्यायला सुरुवात केली. दारूतला मद्यार्क म्हणजे इथेनॉल, तो ७८ अंशांना उकळतो. मिथेनॉल ६५ ला. फळं वगैरे आंबवताना थोडं मिथेनॉल होतं, पण एका रात्रीत माणसं पटापट मरतात ती बहुतेक वेळा कारखान्यातलं मिथेनॉल कुणी बाहेरून मिसळल्यामुळं. मुंबईत मालाडच्या मालवणीत २०१५ च्या जूनमध्ये शंभरावर माणसं गेली ती अशीच. शरीरात मिथेनॉलचं फॉर्मिक आम्ल होतं, आधी दृष्टी जाते, मग माणूस. भट्टीत जे होतं त्यापेक्षा भट्टीनंतर माणसाच्या हातानं जे होतं ते वाईट.

त्यानं फडकं ओढायचं थांबवलं. “मतलब अब्बू के में भी किसी ने मिलाया था?”

त्याचे वडील एका रात्रीत गेले नव्हते. चार-पाच वर्षं लागली. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, सी.पी.आर.ला नेणं-आणणं झालं. कावीळ म्हणून घरच्यांनी गावठी औषधंही केली. हे त्यानंच आम्हाला पूर्वी सांगितलं होतं. कुणीतरी मिसळलं असतं तर त्याला कुणावर तरी राग धरता आला असता, आणि ते त्याला हवं होतं हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. बी.एड.ला ‘विद्यार्थ्यांच्या शंकांचे निरसन’ अशा मथळ्याखाली बरंच काही शिकवलं होतं. आम्ही म्हटलं, “नहीं बेटा. ये मिलाने का मामला नहीं था. जो थी वही, रोज की रोज. कलेजा थक गया.” यकृताला उर्दूत जिगर म्हणतात, शायरीत त्याला फार काम असतं, दारू जाळण्याचं खरं काम मात्र कुणी शायर सांगत नाही.

तो काही बोलला नाही. नळी उजेडाकडं धरून आरपार बघितली. “अजून आहे सर,” मराठीत म्हणाला, आणि पुन्हा फडकं ओवलं.

अम्मी जिन्यातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. खाली जाऊन ती बादलीभर पाणी घेऊन आली आणि डेगीवरून, आतून-बाहेरून, तीन वेळा ओतलं. ओतताना ओठ हलत होते. तिच्या वडिलांनी तिला लहानपणी सांगितलं होतं म्हणे, की इस्लामच्या सुरुवातीच्या काळात दारूची भांडीसुद्धा मना होती, पुढं भांड्यांची मनाई उठली आणि नशा आणणारी चीज तेवढी मना राहिली. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या दिवशी बोलली.

गुलाब गावठीच हवेत. लग्नाच्या हारातले लांब देठाचे गुलाब दिसायला राजपुत्र, वासाला पुठ्ठा. गुलकंदाला लागतात तसले फिके गुलाबी, पहाटे तोडलेले. एका किलोला आम्ही साधारण लिटरभर पाणी घेतो. त्यापुढं वास उतरतो, मग थांबायचं. अत्तराचा तवंग दिसेल या आशेवर राहू नये. किलोभर गुलाबतेलाला साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात, आणि आमच्या गच्चीवर तेवढी गल्ली मावत नाही. पहिली बाटली भरत आली तेव्हा डबा धपधप करत होता आणि काकू नळीच्या तोंडाशी तळहात धरून उभ्या होत्या. “गरम नाही हो,” त्या म्हणाल्या, आणि हात नाकाशी नेला. मग स्वतःच खाली जाऊन चौघीजणींना घेऊन आल्या. बातमी नंबरानं फिरली, पण यावेळी वासासकट.

पुढच्या वर्षी फळ्यावर आकृती काढली तेव्हा डेग, मधला डबा आणि नळी टेबलावर मांडली होती. मागचा बाक हसला का? हसला. नववीच्या मुलांना हसू नका म्हणून कुणी थांबवू शकलेलं नाही. पण दहावीत गेलेला तो मुलगा मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आमच्या तासाला मदतीला आला होता. टोपी डेगीपूर्वी सैल का करायची नाही आणि गॅसपूर्वी सैल का करायची हे त्यानंच समजावलं. ‘जाळ लागल्यावर’ आणि ‘जाळ विझवताना’ यातला फरक मुलांना त्याच्याकडून पटकन कळला.

आता वाळ्याचा अरक काढायचं त्याच्या मनात आहे. आम्ही म्हटलं, गुलाब संपेपर्यंत थांब. वाळा एकदा नळीतून गेला की महिनाभर जात नाही. त्यानंतर काहीही गाळलं तरी वाळाच येतो. त्यावर त्याचं म्हणणं असं, की वाळ्यासाठी वेटोळं वेगळंच ठेवू, तांब्याच्या नळीचा भाव विचारून आलोय. भाव त्यानं वहीच्या मागच्या पानावर लिहून आणला होता, मीटरचा आणि किलोचाही.